माउंटच्या पाठीवरची डावी बाजू

डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, "कोणत्या बाजूचं सुटतंय?" मी सांगितलं, "उजव्या." सुटत होतं डाव्या बाजूचं.

माणसाला स्वतःची डावी-उजवी कळू नये इतका मी येडा नाही. दिग्रसला माझं फोटो फ्रेमचं दुकान आहे, अर्ध्याच्या वर आयुष्य त्यात गेलं. पण ही चूक दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसती, फ्रेमवाल्याच्याच झाली असती. ती समजायला आधी माझं हत्यार समजून घ्यावं लागेल.

फोटो आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट असते, तिला माउंट म्हणतात. त्यात फोटोपुरती खिडकी कापावी लागते. ती कापायचं कटर मुठीत मावतं. लोखंडी ठोकळा, वर तळव्यानं घासून गुळगुळीत झालेला माथा, आणि पोटात तिरपं बसवलेलं पातं. हे पातं सरळ खाली उतरत नाही, कलून घुसतं. त्यामुळे खिडकीच्या कडेनं पुठ्ठ्याच्या आतला पांढरा गर उतारासारखा दिसतो. विहिरीच्या काठावरून वाकल्यासारखी नजर आपोआप आत जाते आणि आत माणूस बसलेला असतो. आमच्या धंद्यात तो बहुतेक वेळा गेलेला माणूस असतो.

हा उतार पुढून दिसावा म्हणून कापायचं मागून. पुठ्ठा पालथा घालायचा, त्याच्या पाठीवर पेन्सिलच्या रेघा मारायच्या, आणि पालथ्यावरच चारी काप द्यायचे. फोटो चिकटवायचा तोही पालथा, खिळे ठोकायचे तेही पाठीवर. तयार फ्रेम उलटून समोरून पाहायची ती गिऱ्हाइकानं. मी पाहत नसे. एवढ्या वर्षांचा हात, त्याला कायले पाहायचं, असा माझा माज. रेघासुद्धा मी मोजून नाही, नजरेनं मारायचो.

थोडक्यात, पाठीवर जे डावं असतं ते पुढून उजवं होतं. एवढं ध्यानात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

उजवीकडची माणसं

पहिली फ्रेम परत आणली ती एका निवृत्त मास्तरांनी. शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांचा फोटो होता.

"किसनभाऊ, आमचे पाटीलसर कुठी गेले?"

मी पाहिलं. फोटोत उजव्या टोकाला उभे असलेले पाटीलसर माउंटखाली गडप झाले होते. शेजारच्याच्या खांद्यावर त्यांनी हात टाकलेला, त्या हाताची बोटं तेवढी बाहेर राहिली होती. मागे माणूस नाही, नुसती बोटं.

मी हसलो. "पातं सरकलं असन," म्हणालो, आणि नवीन माउंट कापून दिलं. दुसऱ्या दिवशी मास्तर पुन्हा दारात. पाटीलसर पुन्हा गेले होते. मग मी पातं बदललं. लोखंडी पट्टी बदलली. पुठ्ठा दमट झालाय म्हणून उन्हात वाळवला. आणि तिसऱ्यांदा कापायच्या आत पाटीलसर खरोखरच वारले.

म्हातारे होते, दम्याचे होते, हे मी चार माणसांत सांगितलं. मास्तरांनी फोटो उचलला, रुमालात गुंडाळला आणि माझ्याकडे पाठ न करता दुकानाची पायरी उतरले. मंदिरातून निघतो तसे. पण मंदिरातून निघताना माणसाच्या चेहऱ्यावर भीती नसते.

मग जवळच्या बंजारा तांड्यावरचा रामसिंग आला. त्याच्या याडीचा, म्हणजे आईचा, सगळ्या घरादारासकटचा फोटो. याडी मधोमध खुर्चीत, उजव्या कडेला पोटुशी सून. मी फ्रेम बांधून दिली आणि संध्याकाळच्या आत याडी स्वतःच दुकानात येऊन उभी राहिली. फ्रेम टेबलावर ठेवली, सुनेच्या जागी आलेल्या कोऱ्या पुठ्ठ्यावर बोट टेकलं.

"इले काहून झाकलं?"

"याडी, चूक झाली. आत्ता दुसरं कापून देतो."

"नको कापू. तू झाकते तो मानूस राहत नाही म्हनतात गावात." तिनं फ्रेमच्या मागचे खिळे स्वतःच्या नखांनी उपटले, फोटो काढून घेतला, आणि रिकामी फ्रेम माझ्याकडे सरकवली. "हे तुह्यासाठी ठेव."

त्या रात्री मी घरी सगळं सांगितलं. माझी बायको शोभा म्हणाली, "डोळे दाखवून या. पुठ्ठ्याले काय होते? तुमचेच डोळे गेले असतीन."

म्हणून मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, आणि विचारल्यावर ती उजवी बाजू सांगितली. माझ्यासमोर पुरावाच होता ना, प्रत्येक फोटोत उजवीकडचा माणूस गेलेला! डॉक्टर भले होते. म्हणाले, उद्या या, थेंब टाकून दोन्ही डोळे नीट तपासू. दुसऱ्या दिवशी बाजार होता. मी गेलो नाही. ब्लडप्रेशरची गोळीही मी तेव्हा बंद केली होती, कारण गोळीनं हात थरथरतो असा माझा स्वतःचा शोध होता.

प्रत्यक्षात काय झालं असावं, ते मला नंतर समजावलं गेलं. डोक्यात आधीच एक बारीक झटका येऊन गेला होता. दुखलं नाही, पडलो नाही. फक्त पालथ्या पुठ्ठ्याची डावी कड माझ्यापुरती थोडी अलीकडेच संपायला लागली. मी तिथूनच रेघ मारत होतो.

रक्त

मोठा झटका आला त्या दिवशी मी कापतच होतो. डाव्या हातानं पट्टी दाबलेली, उजव्यात कटर. भरदुपार, बाहेर जिनिंगला जाणाऱ्या कापसाच्या गाड्या. पुठ्ठ्यावर एकदम लाल थेंब पडला. मग दुसरा. मला वाटलं वरून काहीतरी गळतंय, म्हणून मी छताकडे पाहिलं. मग वाटलं पाल कापली गेली. टेबलाखाली वाकून पाल शोधली.

शोभा मागच्या बाजूला काचा पुसत होती. मी हाक मारली, "काय वं, हे रक्त कोनाचं आहे?"

ती आली आणि तिच्या हातातली काच खाली पडली. माझ्या डाव्या अंगठ्यात कटर रुतलेलं होतं आणि मी कापतच होतो. तिनं कटर हिसकावलं. तोंड वाकडं झालेलं तिला दिसलं, मला कळलंही नव्हतं. मी तिच्यावरच रागावलो, काच फोडली म्हणून.

शेजारचा एकजण म्हणाला, तोंडावर पाणी मारा, कांदा हुंगवा. शोभानं त्याला असं काही झापलं की तो कांद्यासकट परत गेला. तिनं समोरच्याची गाडी थांबवली आणि मला आत कोंबलं. हे लिहितोय ते याच वाक्यासाठी: चेहरा एका बाजूनं उतरला, हात ऐकेना, बोलणं जड झालं, तर कांदा शोधत बसू नका. गाडी शोधा.

यवतमाळच्या वाटेवर दारव्हा मागे पडलं ते मला आठवतं. आठवतं म्हणजे उजवीकडचं आठवतं. उजवीकडे कापूस, झाडं, ढाबे, एक उभा ट्रक. डावीकडे काय होतं? अंधार नव्हता. अंधार असता तर मी विचारलं असतं, की बाप्पा अंधार कसा काय. तिथे काहीच नव्हतं, आणि काहीच नाही हेही जाणवत नव्हतं. अर्धा रस्ता गेला होता आणि त्याला कापल्याची कडसुद्धा नव्हती. सगळं आयुष्य मी कडा कापण्यात घातलं. इतका सफाईदार काप मी कधी पाहिला नव्हता.

फिल्म

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डोक्याची फिल्म उजेडावर धरून दाखवली. "तुमच्या मेंदूच्या उजव्या भागाला मार बसलाय. म्हणून शरीराची डावी बाजू."

मला तेवढ्यातही वाद घालायचा होता. "मार उजवीकडं अन् बंद डावी? हे तं तुमचं बी मागूनच कापलेलं दिसते."

डॉक्टरांना वाटलं मी बरळतोय. शोभाला कळलं. तिनं तोंडाला पदर लावला. हसायला की रडायला, ते मी विचारलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "हात-पाय बऱ्यापैकी चालतील. खरी अडचण वेगळी आहे. यांच्यासाठी डावी बाजू उरलेलीच नाही. डोळे पाहतात, पण मन तिकडे जात नाही. ते परत यायला लागलं तर लवकर दिसेल. नाही आलं तर एकट्यानं रस्ता ओलांडणं बंद, गॅसजवळ जाणं बंद."

"अन् कटर?" मी विचारलं.

"पातं असलेलं काहीही नको."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, कोणाबद्दल बोलून राह्यले हे? मला तर सगळं दिसतंय. या आजाराची हीच गंमत आहे. ज्याचं हरवतं त्यालाच शेवटी कळतं.

दुसऱ्या फ्रेमवाल्याचा हात

वॉर्डातली सकाळ ठरलेली. आधी झाडूवाली, मग इंजेक्शन, मग चहा. चहाआधी मी कुशीवर वळलो तर माझ्या पलंगावर एक हात पडलेला. थंडगार. बोटं थोडी वळलेली, अंगठ्याला पट्टी.

मी ओरडलो नाही. दवाखान्यात असं राहून जात असेल असं वाटलं. सिस्टरला शांतपणे बोलावलं. "सिस्टर, कोनाचा तरी हात राह्यला इथं. घेऊन जा."

"काका, तो तुमचाच आहे."

"माहा नाही. माहे दोन्ही हात माह्याजवळ आहेत."

"बरं. मग त्याच्या मनगटावर घड्याळ कोणाचं?"

मी पाहिलं. घड्याळ माझं होतं. मुलीनं घेऊन दिलेलं. "घड्याळ माहं आहे," मी म्हणालो. "पण हात त्याचा आहे. काढून घेतलं असन त्यानं."

सिस्टर हसू दाबत निघून गेली. मी त्या हाताकडे पाहत राहिलो. तर्जनीच्या मुळाशी काचेनं कापल्याची जुनी खूण होती. मला तशीच खूण आहे, काच कापताना झालेली. नखात सुकलेला डिंक. म्हणजे हा फ्रेमवाला असणार. यवतमाळमध्ये कोण फ्रेमवाला गेला? ओळखीची सगळी नावं मी आठवून पाहिली. मेन लाइनच्या बाजारातला तो हसतमुख माणूस की काय? त्याच्या घरच्यांना हात गेल्याचं कोणी सांगितलं असेल की नाही? आणि त्याचाच फोटो आता कोण बांधणार?

मी त्या हातावर चादर ओढली. उजव्या हातानं थोडा थोपटलाही. आज सांगताना हसतो, पण ती दया खरी होती, आणि कोणाबद्दल होती ते आठवलं की मान थंड पडते.

बाई नाही, आवाज आहे

जेवणाची माझी तक्रार होती की दवाखाना अर्धंच ताट देतो. भात आणि वरण असायचं, भाजी आणि पोळी नाही. मी कुरकुर केली की एक हात येऊन ताट फिरवायचा आणि भाजी उगवायची. बांगड्यांचा हात. बाकी बाई नाही.

आणि आवाज यायचा. शोभाचा. "गोळी घ्या." "पाय झाका." "वैशाली येऊन राह्यली पांढरकवड्याहून." आवाज अगदी कानाजवळ, पण मी इकडे पाहू, वर पाहू, तर शोभा नाही. पलंगाच्या डाव्या अंगाला स्टूल होतं आणि ती सगळा दिवस तिथेच बसायची. माझ्यासाठी तिथे जागाच नव्हती, तर स्टूल कुठून असणार?

मी विचार केला. आवाज आहे, बांगड्या आहेत, माणूस नाही. गाडीतून येताना आमच्यासोबत ती होती. म्हणजे गाडीला काहीतरी झालं. मी वाचलो, ती गेली, आणि आजारी माणसाला सांगायचं नाही म्हणून सगळे गप्प आहेत.

एकदा हे मनात बसल्यावर सगळं जुळत गेलं. सिस्टर माझ्याशी इतकी गोड का बोलते, शेजारच्या पलंगावरचा म्हातारा माझ्या पलीकडे पाहून "ताई" म्हणून कोणाशी गप्पा मारतो, सगळं. मी घाबरलो. पण भुताशी भांडू नये एवढी अक्कल होती. मी तिच्याशी अदबीनं बोलू लागलो.

"गोळी घेतली का?" आवाज म्हणाला.

"घेतली जी. तुम्ही जेवल्या का?"

"मले तुम्ही कायले म्हनता?"

"असंच जी. चुकलं असन तं माफ करजा."

लग्नानंतर मी तिला पहिल्यांदा माफ करजा म्हटलं, ते ती मेली असं समजून.

दुपारी वैशाली आली. माझी एकुलती एक मुलगी. ती नेमकी उजवीकडे बसली, त्यामुळे अख्खी दिसली. मी तिचा हात धरला आणि हळू विचारलं, "बेटा, खरं सांगजो. तुही माय गेली कवा?"

वैशालीनं माझ्या पलीकडे पाहिलं. पलीकडून आवाज आला, "कोन गेली?"

"पाहा," मी वैशालीला म्हणालो, "अजून तिले माहीतच नाही."

त्यावर पोरगी जी रडायला लागली ती थांबेना. स्टूल सरकल्याचा आवाज झाला. चपला वाजत वाजत पलंगाच्या पायथ्याशी गेल्या, आणि एकदम, जिथे कोणी नव्हतं तिथून, आधी एक खांदा, मग अर्धं कुंकू, मग सगळी शोभा बाहेर आली. केस विंचरायचे राहिलेले, डोळ्यांखाली काळं. मी आधी तिचे पाय पाहिले. सरळ होते.

"मी इथंच तं बसून राह्यली," ती म्हणाली. "आल्यापासून. तुमच्या बाजूले."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की कुठेतरी एक बाजू आहे, आणि तिथे माझी बायको मला न दिसता बसलेली आहे. डॉक्टरांनी फिल्म दाखवून जे समजलं नव्हतं ते तिथे समजलं. ती पुन्हा स्टुलावर जाऊन बसायला वळली तसं मी ओरडलो, "तिकडं नको जाऊ!"

मॅडमचा नियम

व्यायाम घ्यायला एक मॅडम यायच्या. मी म्हटलं, बायकोला माझ्या उजवीकडे बसवा, म्हणजे प्रश्न मिटला.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "ताई डावीकडेच बसतील. आणि तुम्ही वळून त्यांना पाहिल्याशिवाय बोलणार नाहीत."

"अन् हे वळलेच नाही तं?" शोभानं विचारलं.

"तर तुम्ही गप्प."

पलंगाच्या डाव्या कठड्यावर त्यांनी लाल पट्टी चिकटवली. नियम असा: मान वळवत जायचं, लाल दिसेपर्यंत थांबायचं नाही. लाल दिसली म्हणजे बाजू संपली. त्याआधी मन म्हणेल संपली, तर मनाचं ऐकायचं नाही.

शोभा गप्प बसली. हे किती कठीण होतं ते तिला ओळखणाऱ्यांना विचारा. दुपारभर मी बडबडायचो आणि उत्तर यायचं नाही. आधी निदान आवाज तरी होता, आता तोही गेला. मान वळवायचो, गळ्याच्या शिरा ताणल्या जायच्या, आणि जग मध्येच संपायचं. मन सांगायचं, एवढंच आहे. पुढे काही नाही. तिथे डोकावणं म्हणजे काय, कसं सांगू? आपलं घर संपल्यावर त्यापुढे आणखी एक खोली आहे असं कोणी म्हणावं आणि आपण भिंतीवर डोकं घासत राहावं.

वैशाली चिडली. "आईले बोलू द्या ना मॅडम, बाबा भेऊन राह्यले."

शोभानं तिलाही उत्तर दिलं नाही. पोरगी तणतणत बाहेर गेली. त्या दोघी त्यानंतर माझ्यावरून बऱ्याच भांडल्या. मुलीला वाटे आई निर्दयी आहे. आईला वाटे पोरगी मला असाच अर्धा ठेवेल. ज्यांच्या घरी असा आजार येईल त्यांच्याकडे हे भांडण येणारच, तेव्हा घाबरू नका. दोघींचंही बरोबर असतं.

एका दुपारी वॉर्डात ऊन आलं होतं. मी वळत गेलो, जग संपलं, मी थांबलो. मग सवयीच्या विरुद्ध आणखी थोडं ढकललं. आधी लाल पट्टीचं टोक आलं. त्याच्या पलीकडे हिरवं लुगडं होतं. गुडघा. मांडीवर ठेवलेले हात, आणि त्या हातांत धरलेला एक तिसरा हात, अंगठ्याला पट्टी बांधलेला. त्या मेलेल्या फ्रेमवाल्याचा. ती त्याची बोटं एकेक करून चोळत होती. किती दिवसांपासून चोळत होती कोण जाणे. मी बोटं हलवायचं मनात आणलं आणि तिच्या मुठीत तर्जनी हलली.

माझ्या मनात आलेलं दुसऱ्याच्या हातानं केलं होतं.

"हे माहं आहे का वं?" मी विचारलं.

मी वळून पाहिलं होतं, म्हणजे आता तिला बोलता येणार होतं. पण तिनं नुसती मान डोलावली. पदरानं डोळे पुसायला हात सोडावा लागला असता, तो तिनं सोडला नाही.

पातं

घरी आलो तेव्हा मी चालत होतो. थोडा उजवीकडे ओढला जात, दाराच्या डाव्या चौकटीला खांदा आपटत. अर्धीच दाढी करून मी वैशालीच्या सासऱ्यांसमोर जाऊन बसलो. शर्टाची डावी बाही पाठीमागे लोंबत ठेवून बँकेत गेलो. त्या गमती लोक आजही मला ऐकवतात.

दुकानात कटर जागेवर होतं. आतलं पातं नव्हतं. शोभानं ते काढून कुठे लपवलं ते अजूनही सांगितलेलं नाही.

मॅडमनी सांगितलं होतं, आधी पात्याशिवाय सराव. पालथ्या पुठ्ठ्याच्या चारी कडांना लाल पट्टी लावायची, डावी कड बोटानं चाचपायची, मोजून रेघ मारायची, आणि रिकामा ठोकळा रेघेवरून ओढायचा. आणि दर वेळी उलटून समोरून पाहायचं. मोजून! उलटून! मी, किसन फ्रेमवाला! पहिले काही दिवस अपमानानं घाम फुटायचा. घाम पुसायलाही डावा हात आधी शोधावा लागायचा.

शोभानं नवीन पातं स्वतःच्या हातानं बसवून दिलं तो दिवस माझ्यापेक्षा तिला जड गेला. पट्टीवरचा माझा डावा हात तिनं स्वतःच्या दोन्ही हातांनी दाबून धरला. "तो सरकला तं माही बोटं पहिले कापली जातीन," ती म्हणाली. "आता कापा."

मी तिच्या बोटांकडे पाहिलं. मग आपल्या. दर वीतभर ओढल्यावर थांबून पुन्हा पाहिलं. पांढरा उतार चारी बाजूंनी निघाला. उलटून पाहिलं तर खिडकी सरळ होती.

त्याच आठवड्यात दुकानात कोणीतरी आलं. मी समोर पाहिलं, कोणी नाही. तांड्यावरची ती सून, तिची बाळंतपणाची वेळ, याडीचं बोलणं, सगळं एकदम वर आलं. दवाखान्यात असताना तिच्याबद्दल कोणाला विचारायचं धाडस मला झालं नव्हतं. आता विचारायची वेळ गेली असं वाटलं. मग मान डावीकडे वळवली, संपली तिथून पुढे ढकलली.

दाराशी तीच उभी होती. कडेवर बाळ, हातात तो फोटो.

"कवाची उभी आहो काका," ती म्हणाली. "याडीनं पाठोलं. म्हने, मानूस झाकते का अजून पाहून ये."

मी तिला बसायला खुर्ची दिली. डावीकडेच. फोटो मी मोजून बांधला, उलटून पाहिला, पुन्हा उलटून पाहिला. ती सगळा वेळ बाळाला थोपटत माझ्या हातांकडे बघत होती. मधेच एकदा बाळ माझ्याकडे पाहून हसलं आणि मला ते दिसलं, डावीकडून.

महिन्याच्या तपासणीला शोभा आणि मी यवतमाळला गेलो. मॅडमनी मला कागदावरच्या रेघा खोडायला लावल्या, टेबलावर पसरलेली नाणी वेचायला लावली, पाठीमागून टाळ्या वाजवल्या. सगळं जमलं. मी खुर्चीत जरा ताठ बसलो. मॅडमनाही आनंद झाला. त्यांनी शोभाला विचारलं, "मग ताई? झाले का बिमारीच्या पहिले होते तसे?"

"तसे नका करू बाप्पा मॅडम," शोभा म्हणाली. "तवा तं हे मले कोनत्याच बाजूनं पाहत नव्हते."